मासे नसलेली टाकी : पाण्याखालच्या बागेची निगा

‘मत्स्यालय’ या शब्दातच मत्स्य आहे. त्यामुळे काचेच्या टाकीत केवळ वनस्पती वाढवणाऱ्याची पहिली अडचण भाषेची असते. घरी आलेला पाहुणा टाकीपुढे उभा राहतो, मिनिटभर निरखतो आणि विचारतो, “मासे कुठे आहेत?” मासे नाहीत असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “मेले का?” दुकानदार या प्रकाराला ‘प्लांटेड टँक’ म्हणतात, आपण साध्या शब्दांत पाण्याखालची बाग म्हणू. गोव्यात सदनिकांच्या दिवाणखान्यांतून अशा बागा आता दिसू लागल्या आहेत. मासे नाहीत म्हणजे रोज खाद्य घालणे नाही, आजार नाहीत, गावी जाताना शेजाऱ्याकडे किल्ली देणे नाही, असा हिशेब करून बरेच जण त्या मांडतात. हा हिशेब अर्धाच खरा आहे. मासे टाकीत नुसते पोहत नसतात; ते काही कामे करत असतात. ते नसतील तर ती कामे टाकी सांभाळणाऱ्याच्या अंगावर येतात, आणि त्यांपैकी एक काम असे आहे की त्यात चुकारपणा झाला तर त्याची झळ शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही लागते.

ही कामे कोणती, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये सुमारे ५५ लिटरच्या काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. माशांना प्राणवायू मिळाला, वनस्पतीला माशांच्या विष्ठेतून खत मिळाले. तरीही काही काळाने कुजणाऱ्या पानांमुळे पाणी गढूळ होऊ लागले. त्यांनी पाणगोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. मासा, वनस्पती आणि गोगलगाय या तिघांच्या व्यवहारावर पुढची सारी मत्स्यालये उभी राहिली. यातला मासा काढून घेतला की व्यवहारात चार जागी खड्डा पडतो. नत्र व स्फुरद पुरवणारा जातो. थोडाफार कर्बवायू सोडणारा जातो. डासांच्या अळ्या खाणारा जातो. आणि पाणी बिघडले की पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करणारा, म्हणजे धोक्याची सूचना देणारा पहारेकरीही जातो.

तिगावचे पाणी, फोंड्याचे पाणी

माझे मूळ गाव तिगाव. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सातपुड्याच्या दक्षिण उतारावर ते आहे. पांढुर्णा आणि सौसर हा मराठी बोलणारा, संत्र्यांच्या बागांचा मुलूख मध्य प्रदेशात मोडतो. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा काढून त्याचा पांढुर्णा जिल्हा झाला. नोकरीनिमित्त मी फोंड्याला स्थायिक झालो. आज तिगावच्या घरी धाकट्या भावाने ठेवलेली एक टाकी आहे आणि फोंड्याला माझी एक. दोन्ही साठ लिटरच्या, दोन्हींत मासा नाही. एकाच रोपाचे दोन तुकडे करून मी एक तिगावला दिला आणि एक इथे लावला. सहा महिन्यांत त्यांचे रूप इतके वेगळे झाले की ते एकाच आईचे आहेत हे कोणाला पटू नये.

कारण पाणी. तिगावच्या बोअरचे पाणी जड आहे. त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि पाणी तापवण्याच्या भांड्याला पांढरा थर धरतो. काळा पाषाण आणि चुन्याचे खडे असलेली काळी माती यांतून मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम व बायकार्बोनेट भरपूर असते. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया यांना असे पाणी मानवते. पाण्यात विरघळलेला कर्बवायू संपला की या वनस्पती बायकार्बोनेटमधून कर्ब घेतात. त्या प्रक्रियेत चुना बाहेर पडून पानांवर साचतो. हाताला खरखरीत लागणारा हा पांढरा थर रोग नव्हे. भावाने तो बुरशी समजून औषध घातले आणि निम्मी टाकी गमावली.

गोव्यात परिस्थिती उलट. जांभ्या खडकातून झिरपलेले विहिरीचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्ल असते. रोटाला, ब्लिक्सा, क्रिप्टोकोरिन यांसारख्या नाजूक वनस्पतींना ते उत्तम. पण त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम कमी पडते. नवी पाने आखडून वाकडी येतात, गोगलगायींच्या शंखांवर पांढरे खड्डे पडतात. यावरचा उपाय गोव्याच्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्यांचे सुके झाल्यावर उरलेल्या शिंपल्या उकळून, घासून, उन्हात वाळवून मूठभर गाळणीत ठेवाव्यात. आम्ल पाण्यात त्या हळूहळू विरघळतात आणि पाणी पुरेसे जड झाले की विरघळणे आपोआप मंदावते. मॅग्नेशियमसाठी औषधाच्या दुकानात मिळणारे एप्सम मीठ चिमूटभर पुरते. नळाचे पाणी वापरत असाल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी ते उघड्या बादलीत एक रात्र ठेवावे.

बाष्पीभवनाकडे मात्र दोन्हीकडे सारखेच लक्ष हवे. टाकीतून वाफ होऊन जाते ते शुद्ध पाणी. क्षार मागेच राहतात. साठ लिटरच्या टाकीतून उन्हाळ्यात रोज एक लिटर पाणी उडाले आणि ते दर लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्याने भरून काढले, तर महिन्याभरात नऊ ग्रॅम क्षार जादा जमा होतात. म्हणजे लिटरमागे १५० मिलिग्रॅमची वाढ. तिगावला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हेच घडते. म्हणून उडालेले पाणी भरताना पावसाचे साठवलेले किंवा घरच्या आर.ओ. यंत्राचे शुद्ध पाणी घालावे. याच यंत्राच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारे पाणी ‘वाया का घालवायचे’ म्हणून टाकीत ओतणारे पुष्कळ भेटतात. त्यात मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षार असतात. ते लादी पुसायला वापरावे.

संत्र्याच्या बागेतले खत

आता माशाचे पहिले काम : खत. मासे असलेल्या टाकीत खाद्य आणि विष्ठा यांतून नायट्रेट व फॉस्फेट आपसूक मिळतात. मासे नसलेल्या टाकीत नुसत्या स्वच्छ वाळूत रोपे लावली तर पहिले दोन महिने ती आपल्या अंगातल्या साठ्यावर तगतात आणि मग एकाएकी खंगतात. बहुतेक लोक याच टप्प्यावर नाद सोडतात. ‘मासे नाहीत म्हणून पाणी स्वच्छ राहते’ हे बोलणे खरे आहे. पण बागेला स्वच्छ पाण्यापेक्षा पोसणारे पाणी लागते.

दुकानांत रंगीत बाटल्यांतून मिळणारी द्रवखते महाग असतात. त्यांतील मुख्य क्षार तेच असतात, जे तिगावचा संत्रा बागायतदार ठिबकातून झाडांना देतो. ‘१३:०:४५’ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आपला जुना सोरा. ‘०:५२:३४’ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. भावाच्या टाकीला जीव आला तो गोठ्याच्या माळ्यावर पडलेल्या या दोन पिशव्यांमुळे. हिशेब असा : एक ग्रॅम पोटॅशियम नायट्रेटमध्ये सुमारे ०.६१ ग्रॅम नायट्रेट असते. साठ लिटर पाण्यात ते लिटरमागे दहा मिलिग्रॅम भरते. सोबत साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास पालाशही मिळते. मोनो पोटॅशियम फॉस्फेट फक्त ०.१ ग्रॅम घातले तरी फॉस्फेट लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या वर जाते. आठवड्याला एवढे पुरे. इतके बारीक वजन घरच्या काट्यावर होत नाही. म्हणून अर्धा लिटर पाण्यात ५० ग्रॅम सोरा आणि दुसऱ्या बाटलीत एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम फॉस्फेट विरघळवून ठेवावे आणि प्रत्येकी दहा मिलिलिटर घालावे. बाटल्यांवर ठळक नावे लिहून त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. दर आठवड्याला निम्मे पाणी बदलले तर वनस्पतींनी काहीच घेतले नाही तरीही साठा एका मात्रेच्या दुपटीपलीकडे जात नाही. हा साधा नियम पाळणाऱ्याला रोज तपासण्या कराव्या लागत नाहीत.

‘१९:१९:१९’ हे शेतात लोकप्रिय असलेले खत मात्र टाकीत नको. त्यातले नत्र बऱ्याच अंशी युरिया व अमोनियाच्या रूपात असते. मरायला मासे नसले तरी शेवाळाला ते पर्वणी ठरते. शेणखतही नको. बंद तळात ते कुजते आणि सडक्या अंड्यांचा वास येतो.

सूक्ष्म अन्नद्रव्यांत लोह सर्वांत महत्त्वाचे. पहारेकरी मासा नसल्यामुळे इथे पाने वाचायला शिकावे लागते. जुनी पाने पिवळी पडत असतील तर नत्र कमी. जुन्या पानांना सुईने टोचल्यासारखी भोके पडत असतील तर पालाश कमी. शिरा हिरव्या राहून नवी पालवीच फिकट येत असेल तर लोह कमी. चुनखडीच्या जमिनीत संत्र्याची पालवी जशी फिकी पडते, तसेच जड पाण्यातही होते : लोह असते, पण झाडाला घेता येत नाही. अशा पाण्यात ‘ईडीडीएचए’ प्रकारचे लोह टिकते. त्याने पाण्याला लालसर छटा येते, ती चालवून घ्यावी. फळबागांच्या सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रणात तांबे असते आणि तांबे गोगलगायींचा जीव घेते, हे विसरू नये.

तळाच्या थराबद्दल थोडेसे. गोव्याची तांबडी माती लोहाने समृद्ध असते. चाळून तिचा दोन सेंटिमीटरचा थर द्यावा आणि वर चार सेंटिमीटर धुतलेली नदीची वाळू घालावी. खाजनातली माती खारी असते. ती वापरू नये. तिगावची काळी माती फुगते, चिकट होते आणि एकदा ढवळली की दिवसभर खाली बसत नाही. तिथे नुसती वाळू आणि पाण्यातले खत हाच मार्ग.

प्रकाश आणि वायू

नवख्याची चूक प्रकाशाच्या बाबतीत नेहमी एकाच बाजूला झुकते : तो जास्त देतो. सहा ते आठ तास पुरेत, तेही टायमर लावून. खिडकीतले थेट ऊन पडले की काचेवर हिरवा लेप चढलाच म्हणून समजा.

कर्बवायूच्या बाबतीत मात्र मासे नसलेल्या टाकीला मोकळीक आहे. हवेशी समतोल राखणाऱ्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो. हौशी लोक वीस ते तीस मिलिग्रॅमपर्यंत नेतात, आणि त्यापुढे मासे गुदमरण्याची भीती असते. मासेच नसतील तर थोडे कमीजास्त झाले तरी अनर्थ होत नाही. सिलिंडर परवडत नसेल तर दोनशे ग्रॅम साखर, लिटरभर पाणी आणि पाव चमचा यीस्ट बाटलीत घालून नळी टाकीत सोडावी. दोन-तीन आठवडे बुडबुडे येत राहतात. सूर आंबताना पाहिलेल्या गोमंतकीयाला ही क्रिया समजावून सांगायला नको. नळीत उलट न येणारी झडप मात्र बसवावी. आणि बाटली काचेची कधीही घेऊ नये, ती दाबाने फुटू शकते.

मासे नसल्याचा आणखी एक लाभ सुरुवातीलाच मिळतो. ओल्या वाळूत रोपे लावून, टाकीत पाणी न भरता, वरून काच झाकून चार ते सहा आठवडे ठेवता येते. रोपे हवेतल्या मुबलक कर्बवायूवर झपाट्याने मुळे धरतात, शेवाळ येत नाही. मग हळूच पाणी भरावे. क्रिप्टोकोरिन जागा बदलली की सारी पाने गाळून विरघळल्यासारखे होते. तेव्हा ते उपटून टाकू नये. मुळे जिवंत असतात. काही आठवड्यांत नवी पाने येतात.

डासांचा प्रश्न

आता ज्या कामाचा उल्लेख आरंभी केला, त्याकडे येऊ. माझ्या फोंड्याच्या टाकीच्या पहिल्या पावसाळ्यात घरोघर पाहणी करणारा एक आरोग्य कर्मचारी आला. गच्चीवरचे पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रीजमागचा ट्रे पाहून झाल्यावर त्याने दिवाणखान्यातल्या टाकीवर बॅटरीचा झोत टाकला. ब्राह्मीच्या शेंड्यांमध्ये अळ्या वळवळत होत्या. सकाळ-संध्याकाळ त्या टाकीसमोर बसणाऱ्या मला त्या दिसल्या नव्हत्या, कारण मी पाने पाहत होतो, पृष्ठभाग नव्हे. त्याच आठवड्यात आमच्या इमारतीत दोघांना डेंग्यू झाला होता. ते डास माझ्याच टाकीतले होते की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. ते नव्हते, असे म्हणण्याची सोय मला नव्हती, एवढे खरे.

गोव्याला हा विषय नवा नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत मलेरिया पसरला तेव्हा बांधकामांवर साठवलेले पाणी, टाक्या आणि विहिरी यांत वाढणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास त्याच्या मुळाशी होता. पुढच्या दशकात इथेच बीटीआय हा जिवाणू आणि ॲप्लोकायलस ब्लॉकी हा इथल्याच पाण्यातला इवलासा मासा यांचे प्रयोग त्या डासाविरुद्ध झाले. विहिरींत गप्पी मासे सोडण्याची पद्धत तर सर्वांच्या परिचयाची आहे. म्हणजे अख्खे राज्य पाण्यात मासे सोडत असताना आपण हौसेने मासे नसलेले पाणी घरात ठेवतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात डासांच्या पैदाशीविषयी तरतुदी आहेत. पण कायद्याचा धाक असो वा नसो, जबाबदारी आपलीच.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाला स्वच्छ, साठलेले पाणी हवे असते. आपल्या हवामानात अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्याला निम्मे पाणी बदलल्याने हे चक्र तुटत नाही, कारण अळ्या उरलेल्या निम्म्या पाण्यात बुडी मारतात. शिवाय अंडी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेलगत ओलसर काचेवर चिकटवलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. म्हणून पाणी बदलताना रेषेवरची काच खरवडून पुसणे महत्त्वाचे.

सर्वांत भरवशाचा उपाय झाकण. काचेचे झाकण घट्ट बसावे. नळ्या आणि वायरी आत जातात त्या फटी स्पंजाने बुजवाव्यात. उघडी टाकीच शोभून दिसते असे वाटत असेल तर मच्छरदाणीच्या जाळीची चौकट करावी. गाळणीच्या पंपाने पृष्ठभाग हलता ठेवला तर डास अंडी घालण्यास कचरतात, पण त्यावर विसंबू नये. पावसाळ्यात वीज जाते, आणि दाट पानांआडचे कोपरे पंप चालू असतानाही निश्चल राहतात.

झाकण शक्य नसेल तर बीटीआय. हा जिवाणू अळीच्या पोटात गेला की त्यातील प्रथिने तिच्या अल्कधर्मी आतड्यात विषारी ठरतात; वनस्पती, गोगलगायी यांना त्याचा उपद्रव होत नाही. वेष्टनावरील मात्रेनुसार तो पुन्हा पुन्हा घालावा लागतो. एक मर्यादा ध्यानात ठेवावी : स्वल्पविरामासारखे दिसणारे कोष काहीही खात नाहीत, म्हणून त्यांच्यावर तो चालत नाही. ते बारीक जाळीने काढून टाकावे लागतात. रॉकेल ओतण्याचा जुना उपाय टाकीत करू नये. गोगलगायी किंवा छोट्या शोभेच्या कोळंब्या अळ्या संपवतील ही दुकानदाराची ग्वाहीही मनावर घेऊ नये. त्या शेवाळ आणि कुजकी पानेच खातात. बाहेरून आणलेल्या रोपांबरोबर कधी चतुराचे पिल्लू टाकीत येते आणि अळ्यांचा फडशा पाडते. तो योगायोग, व्यवस्था नव्हे.

तरंगत्या वनस्पतींविषयी विशेष सावधानता हवी. गोंडाळ, अर्थात पिस्टिया, दिसायला मोहक. पण मॅन्सोनिया जातीच्या डासाच्या अळ्या तिच्या मुळांत आपली श्वासनळी खुपसून तिथूनच हवा घेतात. त्या वर येतच नाहीत, त्यामुळे पृष्ठभाग कितीही निरखला तरी दिसत नाहीत. हा डास हत्तीरोगाच्या एका प्रकाराचा वाहक आहे. घरातल्या टाकीत गोंडाळ नकोच.

इतके करणे ज्याला जमणार नाही, त्याने हट्ट सोडून दोन-तीन छोटे मासे आणावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बागेची शोभा त्याने कमी होत नाही. तिगावला हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. भावाची टाकी काचेने झाकलेली असते आणि तिथल्या डासांना घरोघरचे कूलर पुरतात. पोळ्यानंतरही कूलरमध्ये तसेच राहिलेले पाणी उपसायला त्याला दरवर्षी आठवण करावी लागते, हा भाग निराळा.

काय लावावे, काय टाकू नये

नवख्याने ब्राह्मीपासून आरंभ करावा. औषधी म्हणून आपल्याला ठाऊक असलेली हीच ब्राह्मी, बाकोपा मोनिएरी, पाण्याखालीही सरळ वाढते आणि चुका पोटात घालते. जोडीला व्हॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्ट. हात बसल्यावर क्रिप्टोकोरिन आणि रोटाला.

ही रोपे रोपवाटिकेतून घ्यावीत. सड्यावरून किंवा व्हाळातून उपटून आणू नयेत. साताऱ्याजवळच्या पठारांवर पावसाळी डबक्यांत उगवणारा वायतुरा, म्हणजेच ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाही. क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा ही दक्षिण कोकणापुरती मर्यादित जात आहे. अशा वनस्पतींचे जगणे पावसाच्या येण्याजाण्याशी बांधलेले असते. वायतुऱ्याचा कंद पाणी आटल्यावर मातीखाली विसावा घेतो. बारमाही भरलेल्या टाकीत त्याला तो मिळत नाही. उपटणाऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि सड्यावरचे एक रोप मात्र जाते.

उलट दिशेचा धोका याहून मोठा आहे. टाकीतल्या वनस्पती वाढतात, दर पंधरवड्याला कापाव्या लागतात, आणि कापलेले तुकडे ‘जीव आहे, जगू दे’ म्हणून जवळच्या तळ्यात सोडले जातात. केरळात कोळिकोड जिल्ह्यातील आवळा पांडी येथे २०२० मध्ये गुलाबी फुलांनी भरलेला जलप्रवाह पाहण्यास गर्दी लोटली होती. ती फुले कॅबोम्बा फर्काटाची होती. मूळची दक्षिण अमेरिकेतील, मत्स्यालयांसाठी विकली जाणारी ही वनस्पती एका तुकड्यातूनही पसरते आणि खालचे पाणी झाकोळून टाकते. जलपर्णीही आपल्याकडे शोभेची वनस्पती म्हणूनच आली. करमळीसारख्या तळ्यात किंवा एखाद्या मानशीच्या तोंडाशी असा तुकडा पोहोचला तर तो परत काढता येणार नाही. गटारात टाकलेलाही पावसाळ्यात तिथवर जाऊ शकतो.

कात्रण वर्तमानपत्रावर पसरून दोन दिवस कडक उन्हात पूर्ण वाळवावे आणि मग खतखड्ड्यात टाकावे. पाऊस असेल तर बादलीत झाकून ठेवावे, ऊन पडेपर्यंत. बदललेल्या पाण्यातही तुकडे असतात, म्हणून ते फडक्यातून गाळून कुंड्यांना घालावे. त्यात उरलेला सोरा आणि फॉस्फेट कढीपत्त्याला चांगले मानवतात. तिगावला भाऊ ते बादलीभर पाणी अंगणातल्या संत्र्याच्या रोपाला घालतो.